बारा शनिवार

दिगू,

आज शनिवार आहे आणि गिरजा दुपारी माझ्या शेजारी पाट मांडून जेवायला बसली. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. तू म्हणशील, त्यात काय एवढं. अरे बापा, पंधरा वर्षांच्या संसारात या बाईनं शनिवारी अन्नाला हात लावला नव्हता, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं? तुला तर त्याच्या पुढचंही माहीत होतं. मला ते काल कळलं, तुझं तेरावं आटोपून अमरावतीहून परत आल्यावर. म्हणून लिहायला बसलो. समोरासमोर भांडायची सोय तू ठेवली नाहीस.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसलोय. डॉक्टरसाहेब झोपलेत. या दिवसांत अकोल्याच्या हवेत रुई तरंगते. सरकी काढणाऱ्या जिनातून उडते, खिडकीतून आत येते, उन्हाच्या पट्ट्यात जराशी थांबते, मग कुठं जाते कळत नाही. ती पाहत बसलं की मला झापड येते, आणि झापडीत तू मागच्या दाराच्या बाकावर बसलेला दिसतोस. मांडीवर पंचांग, गुडघ्यावर टोपी. डोळे उघडले की बाक रिकामं. मिटले की पुन्हा तू. दोन-तीनदा असं झालं. मग मी तुला एक शिवी दिली, हलकीशीच, आणि पेन उचललं.

त्या बाकावर तू मला पहिल्यांदा आणून बसवलंस तेव्हा आपण बाविशीचे होतो. तू अमरावतीच्या जोशीबुवांचा मुलगा, मी माळ्याचा. शाळेत एका पाटीवर दोघं गणितं करायचो, तुझी बरोबर यायची आणि मार मी खायचो. शाळा सुटली तसा तू वडिलांच्या हाताखाली पत्रिका मांडायला लागलास आणि मी अकोल्याच्या एका जिनात हंगामापुरता कापूस तोलणारा काटेवाला झालो. गाड्यांच्या रांगा, कापसाचे डोंगर, घरापासून लांब आलेली आमच्यासारखी पोरं. संध्याकाळी काटा बंद झाला की बरोबरचे दोघं म्हणाले, चाल. मी गेलो. कोणत्या गल्लीत ते तुला माहीत आहे, सगळ्या अकोल्याला माहीत आहे.

पुढच्या महिन्यात कमरेखाली जखम झाली. दुखत नव्हती म्हणून लपवली. मग अंगावर पुरळ उठलं तेव्हा अमरावतीला पळत आलो ते थेट तुझ्याकडे, घरीसुद्धा गेलो नाही. तू पंचांग मिटलंस, माझ्याकडे नीट पाहिलंस आणि विचारलंस, "कितीदा गेला होतास?"

"एकदाच."

"मी एकदा विचारलं. दुसऱ्यांदा नाही विचारणार."

आणि खरंच नाही विचारलंस कधी. तीनदा गेलो होतो, दिगू. आता सांगून टाकतो, तू काय करणार आहेस. आणखी एक, तेही सांगतो. त्या बाईनं पहिल्याच दिवशी पत्र्याच्या डबीतून रबर काढून माझ्यापुढं धरलं होतं. म्हणाली, "हे लाव बावा, तुयासाठीबी बरं अन् मायासाठीबी." मी नको म्हटलं. बाहेर ते दोघं उभे होते. त्यांना कळलं तर हसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रोगाचं भ्याव नव्हतं असं नाही. पण हसण्याचं भ्याव जास्त होतं. पुढं एवढी वर्षं या दवाखान्यात सुया उकळताना मी शेकडो माणसं पाहिली, आणि प्रत्येकाच्या मागं मला ते दारातले दोघं उभे दिसतात.

तू मला हाताला धरून बडनेऱ्यावरून गाडीत घातलंस आणि इथं आणलंस. डॉक्टरसाहेबांनी तपासलं, म्हणाले गरमी, म्हणजे उपदंश आहे, बरी होईल, पण बारा आठवडे दर आठवड्याला सुई घ्यावी लागेल. मग रक्त नागपूरला पाठवू. तिकडून कागद साफ आला तरच लग्नाचं नाव काढायचं, तोवर बाईच्या वाटेला जायचं नाही. मी मान डोलावली. बाहेर आल्यावर बाकावर बसून रडलो, कारण घरी वलगावच्या मुलीची पत्रिका येऊन पडली होती. गिरजाची. बाबा संक्रांत झाली की माघातला मुहूर्त काढायच्या घाईत होते. त्यांना काय सांगू? बाबा, थांबा, मला गरमी झालीय?

तू शेजारी येऊन बसलास. मग म्हणालास, "पत्रिका माझ्याकडेच येईल ना शेवटी."

तुझ्या वडिलांचे डोळे तेव्हा गेलेले होते, पत्रिका तूच पाहायचास. बाबा तुमच्या ओसरीत बसले, मी खांबाला टेकून उभा. तू दोन्ही कागद पुढं ओढलेस, बोटांवर मोजलंस, पुन्हा मोजलंस. तुझ्या कपाळावर घाम होता, मी पाहिला. मग तू बाबांना सांगितलंस की मुलाच्या सातव्या घरावर शनीची दृष्टी आहे. बारा शनिवार त्यानं अकोल्यात राहायचं. मांस बंद, दारू बंद, परक्या बाईची सावली नको. दर शनिवारी मारुतीला तेल आणि नंतर डॉक्टरकडून शक्तीची सुई, कारण शनी रक्त शोषतो. चैत्रानंतर लग्न.

माझा बाप, ज्यानं डॉक्टरच्या पायरीला जन्मात पाय लावला नव्हता, तो म्हणाला, "महाराज, बारा काहून, चवदा करा लागले त करू." वाटेत मला म्हणाला, एकही शनिवार चुकला तर तंगडं मोडीन.

म्हणजे बघ. नुसतं डॉक्टरांनीच सांगितलं असतं तर मी चार सुया घेऊन पळालो असतो. शनीनं सांगितलं म्हणून बारा घेतल्या. घरी सांगायला कारण मिळालं, शेजाऱ्यांनी विचारलं तर कारण मिळालं, आणि जिनातल्या त्या दोघांनी चाल म्हटलं तेव्हाही मिळालं. "शनी आहे, नाही जमत," म्हटलं तर दोघंही हसले नाहीत. उलट एकानं विचारलं, माझी पत्रिका पाहून देईल का रे तुझा महाराज?

सुया घेता घेता मी डॉक्टरसाहेबांच्या बाटल्या विसळू लागलो, मग पुड्या बांधू लागलो, आणि हंगाम संपला तरी इथंच राहिलो. कंपाउंडर झालो. चैत्रानंतर गिरजा घरात आली. आल्याबरोबर तिनं शनिवारचा उपास धरला. मी म्हटलं, शनी माझा होता, तो गेला, तू काहून उपाशी राहतेस? म्हणाली, "मायी मर्जी." मला वाटलं भाबडी आहे. दर शनिवारी तिचं रिकामं पोट पाहून मला आतून चिमटा बसायचा आणि मी चिडायचो. तापट माणूस लाजला की चिडतो, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस.

मग आपलं ते सुरू झालं. अमरावतीची माणसं लाजेपोटी अकोल्याच्या दवाखान्यात यायची, मागच्या दारानं, खोटी नावं सांगून. नाव खोटं सांगितलं तरी लग्न ठरल्याचं सांगायचीच, सुया लवकर संपवा म्हणून. चेहऱ्यावरून मी त्यांना ओळखायचो, आणि सुट्टीच्या दिवशी तुझ्या ओसरीत येऊन सांगायचो, अमुक आळीतला पोरगा आहे, पत्रिका तुझ्याकडे येईल. रोग्याचं गुपित बाहेर नेतोय म्हणून माझी जीभ जड व्हायची. तू ऐकून घ्यायचास, एक शब्द लिहायचा नाहीस. आणि मग त्याच्या सातव्या घरावर शनीची दृष्टी पडायची. बारा शनिवार. या बाकावर शनिवारी नवरदेव बसलेले असायचे, कपाळाला शेंदूर, एक बाही वर केलेली. डॉक्टरसाहेबांना वाटायचं की अमरावतीचे लोक मोठे वक्तशीर.

तुला हे सोपं गेलं नाही, मला माहीत आहे. तू पत्रिकेवर मनापासून विश्वास ठेवणारा माणूस. एकदा म्हणालास, "तुळशीराम, मी दर वेळी खोटा शनी मांडतो तेव्हा खऱ्याची माफी मागून मांडतो." मी हसलो होतो. हसायला नको होतं.

पण भांडण आपलं वेगळंच होतं. मी म्हणायचो, हे अर्धं काम आहे. जिच्या अंगाला हा रोग लागणार तिला कोणी विचारतच नाही. सुया बापाच्या धाकानं, थांबणं शनीच्या धाकानं, आणि पोरगी आपली हळद लावून बसलेली. तिला सांगायला पाहिजे. तू म्हणायचास, "सांगून काय होईल? बाप लग्न मोडेल. पोरीचं नाव गावभर होईल. अन् तो पोरगा दुसऱ्या तालुक्यात जाऊन बिनासुईचा लग्न करेल, तिथं तू नाहीस अन् मीही नाही." मी आवाज चढवायचो, तू पान लावायचास. मला तुझा राग यायचा. म्हणायचो, तुम्ही पोथीवाले, तुम्हाला बाई म्हणजे पत्रिकेतलं घर.

आणि मग तू दोन लग्नं मोडलीस. पोरं बरी झालेली, नागपूरचे कागद साफ, मी स्वतः आणून दिलेले. तरी तू सांगितलंस, नाही जुळत. मी म्हटलं, अरे लेका, आता काहून? बारा शनिवार त्यानं इमानानं पाळले. तू म्हणालास, "नाही जुळत म्हणजे नाही जुळत."

चिखलदऱ्याला गेलो होतो ते आठवतं? तुझ्या छातीला हवा बदल पाहिजे होता. सकाळी धुकं एवढं की तू दोन पावलं पुढं गेलास तर फक्त तुझी खोकल्याची उबळ ऐकू यायची. कड्याच्या काठावर बसून आपण तिथल्याच मळ्यातली कॉफी प्यायलो, कडू, आणि तू ती आयुर्वेदाचा काढा घेतात तशी डोळे मिटून घेतलीस. मी तोच विषय काढला. दुसरं लग्न काहून मोडलंस, सांग. धुक्यातून तुझा आवाज आला, "सगळं तुलाच सांगायला पाहिजे का?" आणि मग, थोड्या वेळानं, "तू गिरजावहिनीला सांगितलंस का?"

मी पेला खाली ठेवला. मग एकदम संताप आला. दुसऱ्यांच्या पोरींना सांगू नका म्हणणारा तू, आणि माझ्या बायकोला मात्र सांग? मी उठून चालायला लागलो. तू मागून हाका मारत होतास, दिसत कोणीच नव्हतं, हाकच तेवढी धुक्यातून हिंडत होती. मी थांबलो नाही. अजून झापडीत ती हाक येते मला, आणि अजून मी तसाच पुढं चालत असतो.

नंतर पोळ्याला तू आलास, मी गेलो, बोललो सगळं, तेवढं सोडून. सांगावं असं मलाही वाटायचं रे. गिरजा मोगरा ओवत बसलेली असायची, मी समोर जाऊन बसायचो, तोंड उघडायचो आणि म्हणायचो, मीठ जास्त होतं आज भाजीत. तिचं माझ्याबद्दलचं मत बदललं तर? दोन लेकरं झाली, दोघं धडधाकट, आता काहून उकरायचं? कारणं मला भरपूर सुचायची. दवाखान्यातल्या कपाटात आता कुटुंबनियोजनाची रबरं खोक्यांनी येऊन पडलीत. मी माणसांना समजावतो, घरी बोला, बायकोशी बोला, लाजू नका. ती मान डोलावतात. मीही त्यांच्यासारखाच मान डोलावणारा, हे त्यांना कुठं माहीत.

तू गेलास. तेराव्याला तुमच्या ओसरीत पानं मांडली होती. मी त्याच खांबाला टेकून उभा राहिलो. आणि एक गोष्ट पाहिली. अमरावतीच्या चार-पाच बाया आल्या होत्या, तिशीच्या आसपासच्या, चांगल्या घरच्या. तुझ्या फोटोला फुलं वाहिली आणि मग एकेक जण माझ्या गिरजाजवळ येऊन बसली. माळ्याच्या बाईजवळ. एकीनं तर तिचा हात धरून ठेवला होता. मला वाटलं, फुलांच्या ओळखीनं असेल.

काल संध्याकाळी घरी आलो, पाय धुतले आणि ओट्यावर बसलो. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. दिगूला द्यायचं उत्तर राहिलंय. "गिरजा, लग्नाच्या आधी मला गरमी झाली होती. तो शनी खोटा होता." एका दमात बोललो आणि खाली पाहत राहिलो.

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं तिनं. म्हणाली, "ठाव हाय मले."

"कोणी सांगितलं?"

"महाराजानं. लग्नाच्या आदी. वलगावले आले होते, मी मळ्यात एकटीच मोगरा तोडून रायली होती. पानी मांगतलं. मंग मान खाली घालून म्हनले, पोरी, मुलाचं रक्त बिघडलं हाय, सुया घेऊन रायला, बरा होईन असं डॉक्टर म्हनते. तुले थांबाचं असन त थांब. नसन थांबाचं त मी पत्रिका जुळत नाई म्हून सांगतो. तुयं नाव कोठंच येनार नाई."

दिगू, मी ओट्यावरून उठून तिच्यासमोर जाऊन बसलो.

"मग तू?"

"एक दिवस मांगून घेतला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, थांबीन. पन कागद साफ आल्याबिगर अक्षता नाई."

मग मी विचारलं त्या दोन लग्नांचं. गिरजा हसली, थोडीशीच. म्हणाली, "त्या पोरी नाई म्हनल्या. त्याइची मर्जी. महाराजाले परक्या घरच्या पोरीसंगं एकट्यानं बोलाची सोय कोठं होती? मंग मलेच बोलावत. मी मुंडावळ्याचं माप घ्याले म्हून जाओ, टोपली घेऊन. आतल्या खोलीत पोरीच्या कपाळाले दोरा लावाचा अन् कानात सांगाचं. एकूनएक पोरीले सांगतलं आमी."

म्हणजे अकोल्याहून महिन्या-दोन महिन्यांनी ही माहेरी जाते म्हणायची, ती याच्यासाठी. आणि मी तुझ्यासमोर छाती पिटून सांगत होतो, पोरींना विचारलं पाहिजे. तू पान लावत होतास. लेका, एकदा तरी म्हणायचंस की विचारतोय. नाही म्हणालास, कारण सांगितलं असतंस तर कोण सांगतं तेही सांगावं लागलं असतं, आणि गिरजाचं गुपित उघडं पडलं असतं. तिनं तुझ्याकडून शब्द घेतला होता, मी आपणहून बोलेपर्यंत तू बोलायचं नाही. तो शब्द तू कड्याच्या काठावर, माझ्या शिव्या खाऊनसुद्धा पाळलास.

"आणि उपास?" मी विचारलं.

"शनीचा नोता तो," गिरजा म्हणाली. "तुमी आपल्या तोंडानं सांगसान त्या दिवशी सोडीन, असं धरलं होतं. महाराज म्हनत, वहिनी, सांगन तो, जरासा भित्रा हाय, पन सांगन."

मी रडलो. बाकावर रडलो होतो तसाच, आवाज करून. ती उठून आत गेली. मला वाटलं, चिडली. ती देव्हाऱ्याखालची पेटी उघडत होती. तिच्यातून तिनं एक घडी घातलेला कागद आणला, घड्यांवर विरलेला. नागपूरचा. माझा. मी समजत होतो की तो तू जाळून टाकलास.

आज दुपारी जेवायच्या आधी तिनं तो माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "महाराजानं वाचून दाखवला होता तवा. पन तो त्याइच्या तोंडून. आता तुमी वाचा."

इंग्रजी चार ओळी आहेत, दिगू, टंकलेल्या, शाई फिकी झालेली. तिला इंग्रजी येत नाही, मला कामापुरती येते. मी वर लिहिलेलं माझं नाव वाचलं, वडिलांचं नाव वाचलं. खिडकीतून एक रुईचा धागा आला आणि कागदावर बसला, तो मी फुंकला नाही. मग शेवटची ओळ वाचली आणि मराठीत सांगितली. रक्तात दोष नाही.

"आनखीन एकदा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. मग तिनं कागदाची घडी घातली, पेटीत ठेवली, आणि दोन ताटं घेतली.